जेवणासोबत किंचित गोड जर्मन वाइन

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळची तासगावची, माहेरी द्राक्षबाग आहे. अडीच वर्षांपासून नोकरीनिमित्त जर्मनीत माइन्झ येथे राहते. गेल्या हिवाळ्यात सुपरमार्केटमधून 4 युरोंची एक पांढरी वाइन आणली. तिच्यावर ‘लीबलिश’, म्हणजे गोडसर, असे लिहिले होते. घरच्या तिखट जेवणासोबत ती मला फार आवडली आणि तेव्हापासून महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मी तीच आणते. कचेरीत हे बोलले तेव्हा एक सहकारी म्हणाला, ‘ती आजीबाईंची वाइन, नुसते साखरेचे पाणी. जेवणासोबत ट्रोकनच, म्हणजे गोडी नसलेली कोरडी वाइनच, घ्यायची असते.’ पुढच्या शनिवारी त्याच्यासह कचेरीतील चौघे आमच्याकडे जेवायला येणार आहेत. अळूवडी, कोळंबीचे कालवण, भरली वांगी, मसालेभात आणि शेवटी श्रीखंड असा बेत आहे. माझी आवडती बाटली टेबलावर ठेवू की कपाटात ठेवू? वाइनसाठी 25 युरोंपेक्षा अधिक खर्च करायचा नाही. शिवाय माझे पती मद्य घेत नाहीत आणि पूर्ण शाकाहारी आहेत. वाइनमध्ये मासा किंवा अंडे वापरतात असे त्यांच्या कानावर आले आहे, ते खरे आहे का?

— एक वाचक, माइन्झ

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बाटली टेबलावर ठेवा, आणि ती ठेवताना कसलाही संकोच बाळगू नका. तुम्ही जो बेत लिहिला आहे, त्यातील श्रीखंड सोडले तर प्रत्येक पदार्थाला तुमची लीबलिश वाइन ही तुमच्या सहकाऱ्याच्या ट्रोकनपेक्षा अधिक मानवेल. हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. त्यामागे कारणे आहेत, आणि तुम्ही द्राक्षबागायतदारांच्या घरातील असल्यामुळे ती तुम्हाला इतरांपेक्षा लवकर पटतील.

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरले की साखर भरू लागते आणि आंबटपणा कमी होत जातो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. तासगावच्या उन्हात ही देवघेव झपाट्याने होते. माइन्झला मात्र ती फार सावकाश होते, कारण तुमच्या शहराच्या गुटेनबर्ग चौकातून 50 वा अक्षांश जातो आणि तेथील फरशीत त्याची खूण केलेली आहे. एखाद्या संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहा. इतक्या उत्तरेला, गार रात्रींमध्ये पिकणाऱ्या द्राक्षात साखर आली तरी आंबटपणा टिकून राहतो. जर्मन पांढऱ्या वाइनचा सारा जीव या टिकून राहिलेल्या आंबटपणात आहे, आणि किंचित गोड वाइन जेवणासोबत चालते ती त्याच्याच जोरावर. साखर असूनही घोट घेतल्यावर तोंड चिकट होत नाही, उलट पुढचा घास घ्यावासा वाटतो. आपल्याकडे आमटीत चिंच पडली की गुळाचा खडाही पडतो, तो आमटी गोड करण्यासाठी नव्हे. या वाइनमधील साखरेचे काम नेमके तेच आहे.

ही गोडी येते कशी, तेही सांगते. यीस्ट रसातील साखर खाऊन तिचा मद्यार्क करते. सारी साखर संपू दिली तर वाइन कोरडी होते, म्हणजे ट्रोकन. रस थंड करून आणि यीस्ट गाळून काढून ही क्रिया मध्येच थांबवली, तर काही साखर शिल्लक राहते आणि मद्यार्कही कमी भरतो. दुसरी रीत अशी की, वाइन पूर्ण आंबू द्यायची आणि बाजूला राखून ठेवलेला न आंबवलेला द्राक्षरस बाटलीत भरण्यापूर्वी तिच्यात मिसळायचा. स्वस्त बाटल्यांमध्ये ही दुसरी रीत पुष्कळदा दिसते. दोन्ही रीती कायदेशीर आहेत आणि दोन्हींमध्ये साखर द्राक्षाचीच असते, पोत्यातली नव्हे. तेव्हा ‘साखरेचे पाणी’ हा शब्दप्रयोग वस्तुस्थितीला धरून नाही.

आता प्रमाणाकडे पाहू. कायद्याप्रमाणे लिटरमध्ये 4 ग्रॅमपर्यंत साखर असेल, किंवा आंबटपणा पुरेसा असल्यास 9 ग्रॅमपर्यंत असेल, तर त्या वाइनला ट्रोकन म्हणता येते. त्यानंतर हाल्बट्रोकन, म्हणजे अर्धकोरडी, 12 ग्रॅमपर्यंत आणि आंबटपणाच्या हिशेबाने 18 पर्यंत. त्यापुढे 45 ग्रॅमपर्यंत लीबलिश, आणि 45 च्या वर झ्यूस, म्हणजे उघड गोड. लिटरमध्ये 30 ग्रॅम साखर असलेल्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला तुम्ही घेतलात, तर पोटात साडेचार ग्रॅम साखर जाते. चहाचा एक लहान चमचा म्हणा. कोलासारख्या पेयात लिटरला सुमारे 100 ग्रॅम साखर असते आणि ते जेवणासोबत पिताना कोणी कोणाला हसत नाही.

बाटलीवर कधी ‘फाइनहेर्ब’ हा शब्दही दिसेल. त्याला आकड्यांची कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादक तो साधारणपणे अर्धकोरड्या किंवा त्याहून जराशा गोड वाइनसाठी वापरतात. ‘काबिनेट’ आणि ‘श्पेटलेझे’ या शब्दांनी मात्र बरीच माणसे फसतात. ते शब्द बाटलीतील गोडी सांगत नाहीत; तोडणीच्या वेळी रसात किती साखर होती ते सांगतात. तुमच्या वडिलांच्या बागेत ब्रिक्स मोजतात, येथे त्याच कामासाठी ओक्सले हे माप आहे. ब्रिक्स उत्तम भरलेल्या द्राक्षाची वाइन पूर्ण कोरडीही करता येते, म्हणून ‘काबिनेट ट्रोकन’ अशी बाटली असू शकते. पुढे ‘ट्रोकन’ लिहिलेले नसेल आणि मद्यार्क 8 ते 9 टक्के असेल, तर ती काबिनेट गोडसर आहे असे खुशाल समजा. मद्यार्काचा आकडा हा दुकानात उभे राहून गोडी ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे: 12 किंवा अधिक असेल तर साखर बहुतेक संपलेली असते, 9 च्या आसपास असेल तर बरीच उरलेली असते. अलीकडे आणखी एक सोय झाली आहे. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनवर युरोपीय संघाच्या नियमानुसार घटक आणि पोषणमूल्ये देणे बंधनकारक आहे. पुष्कळ बाटल्यांवर त्यासाठी क्यूआर कोड असतो. तो फोनने उघडा, 100 मिलिलिटरमागे साखर किती ते वाचा आणि दहाने गुणा.

आता तुमच्या स्वयंपाकाकडे येते. तिखट आणि मद्यार्क यांचे आपसांत जमत नाही, ही या साऱ्या विषयातील मुख्य गोष्ट आहे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील ज्या दाहाच्या मज्जातंतूंना चाळवते, त्यांनाच मद्यार्कही चाळवतो, म्हणून मद्यार्क जितका अधिक तितके तिखट अधिक झोंबते. साखर तो दाह शांत करते. काही वर्षांपूर्वी मी घरी खेकड्याचे कालवण केले होते आणि एका दुकानदाराच्या आग्रहावरून 14 टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरवलेली महागडी कोरडी पांढरी वाइन आणली होती. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आले, दोघांनी कालवणच बाजूला सारले, आणि मसाला चुकला असे समजून मी रात्रभर हळहळत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच कालवण नुसत्या भातासोबत खाल्ले तेव्हा कळले की त्यात काहीही चुकलेले नव्हते. त्यानंतर तिखट पानासोबत मी 11 टक्क्यांवरची वाइन ठेवत नाही.

अळूवडीसाठी तर तुमच्या लीबलिशइतकी योग्य वाइन शोधून सापडणार नाही. चिंच, गूळ, बेसन, तीळ आणि तळणीचे तेल यांपैकी चिंचेला वाइनचा आंबटपणा साथ देतो, गुळाला तिची साखर, आणि तेलाचा तवंग तोच आंबटपणा जिभेवरून काढून टाकतो. कोरडी वाइन येथे हमखास हरते, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन कडवट आणि पातळ लागू लागते. वाइनमध्ये पदार्थाइतकी तरी गोडी असावी, हा एक नियम तुम्ही कायमचा लक्षात ठेवा. त्याच नियमाने श्रीखंडासमोर तुमची बाटली टिकणार नाही. श्रीखंडाला तोलणाऱ्या आउसलेझे, म्हणजे अधिक पिकलेल्या निवडक द्राक्षांच्या, आणि त्यावरच्या गोड वाइन महाग असतात आणि तुमच्या खर्चात बसणार नाहीत. श्रीखंड येण्यापूर्वी पेले उचलून ठेवा आणि त्यासोबत साधे पाणी द्या.

कोळंबीच्या कालवणात नारळाचे दूध आणि आमसूल असेल, तर मोझेल नदीच्या खोऱ्यातील गोडसर रीसलिंग, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, त्याला शोभून दिसेल. त्या नदीकाठच्या उभ्या चढणींवर पाटीच्या काळ्या दगडाची जमीन आहे, आणि तिथली रीसलिंग अंगाने हलकी, मद्यार्काने कमी आणि आंबटपणाने धारदार असते. कोळंबीची स्वतःची मंद गोडी तिच्यात बुडून जात नाही. मात्र कालवणात आमसुले नेहमीपेक्षा एखाद-दुसरे कमी घाला, कारण दोन आंबटपणा एकमेकांवर चढले की दोन्ही बोचतात. भरली वांगी हा मला सर्वांत अवघड पदार्थ वाटतो. गोडा मसाला, दाण्याचे कूट आणि खोबरे यांची भाजकी, काहीशी धुरकट चव नाजूक रीसलिंगला झाकून टाकते. त्यासाठी सुगंध अधिक असलेली द्राक्षे हवीत, आणि ती तुमच्या दाराशीच आहेत. माइन्झच्या दक्षिणेला आल्त्साय येथे गेओर्ग शॉय यांनी 1916 मध्ये तयार केलेली शॉयरेबे ही द्राक्षाची जात तुमच्याच राइनहेसन प्रदेशात अजूनही लावली जाते. तिच्या वाइनला पपनसाच्या जवळचा वास असतो आणि गोडसर शॉयरेबे मसाल्यासमोर खंबीर उभी राहते. मसालेभातालाही तीच चालेल. लोणचे मात्र पाहुण्यांच्या पानात अगदी थोडे वाढा. मोहरी आणि मीठ यांच्या एकत्र माऱ्यापुढे कोणतीही वाइन तग धरताना मी पाहिलेली नाही.

सहकाऱ्याच्या ‘आजीबाईंची वाइन’ या बोलण्यामागे एक इतिहास आहे आणि तो तुम्हाला ठाऊक असावा. तुमच्या शहरापासून आगगाडीने थोड्याच वेळात पोहोचता येईल अशा वर्म्स येथे लीबफ्राउएनकिर्श म्हणजे मेरीमातेचे चर्च आहे, आणि त्याच्या भोवती आजही द्राक्षमळे आहेत. त्या मळ्यांच्या वाइनवरून ‘लीबफ्राउमिल्श’ हे नाव निघाले. पुढे हे नाव त्या काही एकरांपुरते न राहता ऱ्हाइनकाठच्या कितीतरी विस्तृत प्रदेशातील गोडसर, मिश्र वाइनसाठी वापरले जाऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांत ही स्वस्त वाइन ब्रिटन-अमेरिकेत अमाप खपली. खप वाढला तसा दर्जा घसरला. आंबटपणा नसलेली, नुसती गुळचट वाइन पुष्कळ निघाली. मग 1985 मध्ये ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाइन अधिक गोड आणि दाट भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले, आणि जर्मनीत भरलेल्या काही बाटल्यांतही ते सापडले. त्या धक्क्यानंतर गोड वाइनकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि ‘ट्रोकन’ हा शब्द जणू सभ्यतेचा दाखला ठरला. तुमचा सहकारी ज्या घरात वाढला असेल, तेथे त्याने हेच ऐकले असेल. त्याच्यावर रागावू नका. मात्र एका काळातील वाईट मालावरून साऱ्या गोडीलाच दोषी ठरवणे मला मनापासून अन्यायाचे वाटते, कारण आजही मोझेलवरचे नावाजलेले उत्पादक ज्या बाटल्यांचा अभिमान बाळगतात त्यांपैकी कितीतरी गोडसर आहेत.

तुमच्या बाटलीतही वाईट प्रकार असू शकतो, हे मात्र मी लपवणार नाही. 4 युरोंत सर्वच लीबलिश चांगल्या निघत नाहीत. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटत असेल, तर वाइन ठीक आहे. नुसता गोडवा येऊन रेंगाळत असेल आणि मागे काहीच उरत नसेल, तर ती पुन्हा आणू नका. निवडताना सर्वांत अलीकडचे वर्ष पाहा, कारण अशा वाइन ताज्याच पिण्याच्या असतात. द्राक्षाचे नाव दिलेली बाटली निनावी मिश्रणापेक्षा बरी. ‘गुट्सआबफ्युलुंग’ किंवा ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ हे शब्द असतील, तर द्राक्षे पिकवणाऱ्याने किंवा त्यांच्या सहकारी संस्थेनेच बाटली भरली आहे असा त्याचा अर्थ होतो. सहकारी संस्थांच्या वाइन या किमतीत मला अनेकदा सर्वांत प्रामाणिक वाटल्या आहेत, आणि त्यांच्याकडे एक लिटरच्या बाटल्याही मिळतात. तुमच्याकडे तर याहून चांगला मार्ग आहे. वसंत ऋतूपासून शरदापर्यंत दर शनिवारी सकाळी माइन्झच्या कॅथेड्रलजवळच्या बाजारात आसपासचे वाइन-शेतकरी स्वतः पेले भरून देतात. तेथे उभ्या उभ्या चाखा, भावाची चौकशी करा आणि ‘तिखट जेवणासोबत हवी आहे’ असे सांगा. बागेची भाषा तुम्हाला येते. छाटणी, पाऊस आणि भुरी यांवर दोन वाक्ये बोललात तरी ओळख होईल.

25 युरोंचा हिशेब असा करा. वाइन घेणारे तुम्ही पाच जण आहात आणि पाऊण लिटरच्या बाटलीत पाच पेले होतात. गोडसर रीसलिंग एक, शॉयरेबे किंवा तुमची नेहमीची लीबलिश एक, आणि सहकाऱ्यासाठी सिल्वानर या पांढऱ्या द्राक्षाची साधी कोरडी वाइन एक, अशा तीन बाटल्या प्रत्येकी 5 ते 6 युरोंच्या हिशेबाने 18 युरोंच्या आत येतील. कोरडी बाटली मी त्याच्या हट्टापुढे मान तुकवून सुचवलेली नाही. पाहुण्याची आवड राखणे हा आपल्या घरचा रिवाज आहे, आणि शिवाय दोन्ही पेले शेजारी असले की वाद घालण्याची गरजच उरत नाही. अळूवडीचा घास, मग सिल्वानरचा घोट. पुन्हा घास, मग लीबलिशचा घोट, एवढे त्याला करून पाहू द्या. तुम्ही काहीही बोलू नका. कोणी गाडी घेऊन येणार असेल, तर जर्मनीतील 0.5 प्रति हजार ही रक्तातील मद्यार्काची मर्यादा त्याला ठाऊक असेलच, पण यजमान म्हणून पाण्याचा जग टेबलावर आधीपासून ठेवा.

बाटल्या दुपारीच फ्रिजमध्ये ठेवा. गोडसर वाइन 8 ते 10 अंशांवर चांगली लागते. कोमट झाली की तिची साखर वर येते आणि सहकाऱ्याचे म्हणणे खरे वाटू लागते. पेले लहान ठेवा आणि थोडी थोडी ओता, म्हणजे ओतलेली वाइन पेल्यात तापत नाही. उरलेली बाटली फिरकीचे झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते.

तुमच्या पतींची शंका रास्त आहे. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी माशाच्या वायुपिशवीपासून केलेले द्रव्य, जिलेटिन, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातील केसीन वापरतात. ही द्रव्ये गाळ घेऊन तळाशी बसतात आणि नंतर काढून टाकली जातात, तरी शाकाहारी माणसाला त्यांचा वापरच नको असणे मी समजू शकते. जर्मनीत बेंटोनाइट ही माती वापरून वाइन नितळ करणारेही पुष्कळ आहेत. बाटलीवर ‘वेगान’ असे लिहिलेले असेल, तर प्राणिजन्य काहीही वापरलेले नाही असे समजावे. तुम्ही स्वतः हा नियम पाळत नसलात, तरी घरात येणाऱ्या तीनही बाटल्या ‘वेगान’ असलेल्याच निवडा, म्हणजे त्यांच्या मनाला टोचणी राहणार नाही.

ते स्वतः मद्य घेत नाहीत म्हणून त्यांच्यापुढे नळाचे पाणी ठेवू नका. वाइन करणारेच शेतकरी पांढऱ्या द्राक्षांचा न आंबवलेला रस ‘ट्राउबनझाफ्ट’ या नावाने बाटलीत भरून विकतात, आणि तो हिशेबातून उरलेल्या 7 युरोंत आरामात बसतो. नुसता घेतला तर तो फार गोड असतो, म्हणून निम्मा रस आणि निम्मे बुडबुड्यांचे पाणी घाला, वर लिंबाचे चार थेंब पिळा, आणि इतरांच्यासारख्याच उंच देठाच्या पेल्यात थंडगार द्या. अळूवडीसोबत तोही तितकाच चांगला लागतो.